फवारा, फडकं आणि तकाकी

चमकणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. भांड्याला लकाकी येते, दागिन्याला झळाळी असते, कोवळ्या पानावर तुकतुकी दिसते, काच चकाकते. गाडीच्या रंगासाठी मात्र माझ्या कानाला यातला कुठलाच शब्द पुरत नाही. तिथे हवा ‘तकाकी’. तकाकी आलेल्या गाडीत समोरचा लिंब, आभाळाचा तुकडा आणि बघणाऱ्याचं तोंड, सगळं उमटतं. गाडीच्या सामानाच्या दुकानात फळीवर ओळीनं मांडलेल्या फवाऱ्याच्या बाटल्या हीच तकाकी विकत असतात. कुणी क्विक डिटेलर, कुणी स्प्रे वॅक्स, कुणी सीलंट, कुणी सिरॅमिक. किंमत दोन-तीनशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत. दुकानदाराला फरक विचारला तर तो म्हणतो, “सगळं एकच हो, कुठलीही घ्या.”

सगळं एकच नाही. आणि गंमत अशी, की ज्या दिवशी फवारा मारतो त्या दिवशी खरोखरच सगळं एकसारखं दिसतं. म्हणून तर गिऱ्हाईक फसतं.

तुम्ही म्हणाल, कवितेच्या माणसानं या फंदात कशाला पडावं? तर सांगली-मिरज रस्त्यावर माझ्या भाच्याची डेंटिंग-पेंटिंगची शेड आहे. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला एखादी जागा लागते. कुणी कट्ट्यावर बसतो, कुणी वाचनालयात. मी त्या शेडमध्ये बसतो. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तिथल्या कारागिरांकडून ऐकलेलं, आणि नंतर वाचून पडताळलेलं आहे.

आधी रंगाचं बघू. आजच्या गाडीचा पत्रा एका रंगानं रंगवलेला नसतो. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी हौदात बुडवून विजेच्या साहाय्यानं त्यावर गंजरोधक थर बसवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर एक बिनरंगी, पारदर्शक थर. शेडमध्ये त्याला ‘क्लिअर’ किंवा ‘लॅकर’ म्हणतात. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला लॅकर ४० ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण जिला गाडीची तकाकी म्हणतो ती केसापेक्षाही पातळ थरात राहते. हा थर झिजला की पुन्हा वाढत नाही. रबिंग-पॉलिशिंग करून ओरखडे घालवतात म्हणजे त्यांच्या आजूबाजूचा लॅकर तासून ओरखड्याच्या पातळीला आणतात. असं दोन-चारदा जमतं, दरवर्षी करायचं काम नाही ते.

जुन्या अॅम्बॅसिडर, पद्मिनी गाड्यांना हा वेगळा थर नसायचा. रंग आणि तकाकी एकाच थरात असायची. म्हणून पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागायचा, आणि मालक उगीच घाबरायचा. आमचे पेंटर फवाऱ्यानं मारायच्या रंगाला अजून ‘ड्युको’ म्हणतात. ते नाव अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं, १९२३ सालचं. त्याआधी घोडागाडीसारखाच मोटारीलाही ब्रशनं व्हार्निश लावत आणि ते वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. गाडीचं पॉलिशही मुळात लाकडी सामानाकडून आलेलं. आज आपल्याकडेही ज्यांच्या बाटल्या मिळतात त्या मग्वायर्सची सुरुवात १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशनं झाली. २००८ साली ही कंपनी थ्रीएमनं घेतली. रंगावर वेगळा लॅकर देण्याची पद्धत ऐंशीच्या दशकात सर्रास झाली, आणि तिथून पॉलिशचं कामच बदललं. जुनं पॉलिश मेलेला रंग खरवडून काढायचं. आताच्या फवाऱ्यानं काहीही खरवडायचं नसतं, उलट खरवडणं टाळायचं असतं.

खरवडतं कोण? धूळ. आपल्या रस्त्यावरच्या धुळीत बारीक वाळू असते. वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. खनिजांचा कठीणपणा मोजायची जी मोस यांची मोजपट्टी आहे तिच्यावर क्वार्ट्झचा क्रमांक ७, आणि साध्या पोलादी सुरीचा साडेपाचच्या आसपास. लॅकर तर राळेच्या जातीचा, प्लॅस्टिकचा नातेवाईक. त्याच्यावर वाळूचे कण ठेवायचे आणि वरून कोरडं फडकं दाबून फिरवायचं, म्हणजे पॉलिशपेपर मारण्याचाच तो सौम्य प्रकार. प्रत्येक पुसण्याला हजारो बारीक रेघा. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेनं परततो, म्हणून प्रतिमा दिसते. रेघांवरून तो वाटेल तिकडे फाकतो, म्हणून काळी गाडी करडी वाटायला लागते.

या रेघांवरून आमच्या कॉलनीत एक भांडण झालं होतं, ते सांगण्यासारखं आहे. २०१६चा उन्हाळा. लातूरला पाणी नव्हतं आणि ते आमच्या मिरजेहून रेल्वेनं जात होतं. एप्रिलमध्ये पहिली गाडी गेली तेव्हा दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. साडेतीनशे किलोमीटर पाणी रुळांवरून चाललेलं रोज डोळ्यांसमोर दिसत असताना नळी लावून गाड्या धुणं कुणालाच बरं वाटेना. कॉलनीनं नळी बंद केली. ठराव योग्यच होता. पण सकाळी सहाला येऊन चौदा गाड्या पुसणाऱ्या पोराला कुणी विचारलं नाही, की आता तू काय करणार? त्याच्याकडे एक बादली आणि एक पिवळं फडकं. पहिल्या चार गाड्यांना पाणी, उरलेल्या दहांना गढूळ पाणी किंवा नुसतं कोरडं फडकं.

दोन महिन्यांनी एका निवृत्त गृहस्थांनी आपल्या काळ्या गाडीवर उन्हात बघितलं, तर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं. पोरगा गोल हात फिरवून पुसतो म्हणून वर्तुळं पडली, असा त्यांचा निष्कर्ष, आणि महिन्याचे पैसे बंद. मी गाडी, गृहस्थ आणि पोरगा, तिघांनाही शेडवर नेलं. भाच्यानं मोबाइलचा दिवा लावून बॉनेटवर फिरवला. दिवा जाईल तिकडे वर्तुळं त्याच्याबरोबर सरकत होती. म्हणजे वर्तुळं पत्र्यावर नव्हतीच. रेघा सगळ्या दिशांना असतात. त्यातल्या प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्या चमकतात आणि दिव्याभोवती कडं केल्यासारखं दिसतं. सरळ हातानं पुसलं असतं तरी धूळ तीच आणि फडकं तेच. भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, “मामू, सुक्का फडका नक्को मारो बोलो उनको. बच्चे का क्या कसूर?” पैसे मिळाले. पण पुढच्या महिन्यापासून ती गाडी त्या पोराकडे राहिली नाही.

फवाऱ्याच्या बाटलीचं खरं काम या गोष्टीत आहे. कण आणि लॅकर यांच्यामध्ये, कण आणि फडकं यांच्यामध्ये, काहीतरी बुळबुळीत घालणं. साधा क्विक डिटेलर बघा. बाटलीत मुख्यतः पाणी. त्यात साबणाच्या जातीचं थोडं द्रव्य, म्हणजे पाणी धुळीखाली शिरावं. घसरणं वाढवणारी पॉलिमर, थोडं सिलिकॉन किंवा मेण, आणि काहींत लवकर उडून जावं म्हणून अल्कोहोल. फवारल्यावर धुळीचा कण भिजतो, त्याच्याभोवती निसरडं आवरण येतं आणि फडकं त्याला रेटत न नेता उचलून घेतं. मागे पातळसा थर राहतो, तो बारीक रेघांत भरतो म्हणून गाडी एकदम गडद, ओली दिसते. ही बाटली धुतलेल्या गाडीवर बसलेल्या दिवसभराच्या हलक्या धुळीसाठी, बोटांच्या ठशांसाठी आणि पक्ष्यांच्या विष्ठेसाठी. संरक्षण म्हणून तिच्याकडे बघू नये.

पक्ष्यांच्या विष्ठेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण लिंबाखाली गाडी लावणाऱ्या प्रत्येकाचं ते दुखणं आहे. मेच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा हात ठेववत नाही इतका तापतो. लॅकर तापून मऊ होतो, फुगतो. संध्याकाळी निवताना तो आक्रसतो आणि वर वाळून बसलेल्या विष्ठेचा खडबडीत आकार घेऊन बसतो. त्यात तिचा आम्ल गुण. म्हणून दुसऱ्या दिवशी पुसलं तरी खाली ठसा उरतो. अशा वेळी नखानं किंवा कोरड्या कागदानं खरवडणं सगळ्यात वाईट. मऊ कापडाची घडी डिटेलरनं चिंब करून त्यावर चार-पाच मिनिटं ठेवायची आणि मग अलगद उचलायची. माझ्या मते या एका कामासाठी तरी छोटी बाटली गाडीत असावी.

दुसरी बाटली स्प्रे वॅक्सची. यात मेणाचं पाण्यातलं मिश्रण. कार्नौबा हा शब्द तुम्ही वाचला असेल. ईशान्य ब्राझीलमधल्या सिआरा, पिआवी या राज्यांतल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण. कोरड्या ऋतूत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड स्वतःच्या पानावर मेण चढवतं. माणसं पानं तोडतात, वाळवतात, झोडपतात आणि गळालेल्या पापुद्र्यांचं मेण करतात. औषधाच्या गोळ्यांवरची आणि पेपरमिंटवरची चमकही याच मेणाची. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे मेणांमध्ये ते चांगलंच टणक. पण बाटलीवर ‘कार्नौबायुक्त’ असं लिहिलेलं असलं तरी फवारता येईल इतक्या पातळ द्रवात ते बेताचंच असणार. डबीतल्या घट्ट मेणाशी त्याची तुलना नको. एक-दोन पावसांच्या डिटेलरपेक्षा ते जास्त टिकतं, इतकं खरं.

तिसरी सीलंटची. यात झाडाचं मेण नसतं, प्रयोगशाळेत बनवलेली पॉलिमर असतात. काही सिलिकॉनची रेणूरचना अशी केलेली असते की ती रंगाला धरून राहतात. दिसायला याची तकाकी मेणापेक्षा जरा कोरडी, काचेसारखी. मेणाची जरा ओलसर. हा फरक मी मानतो, भाचा मानत नाही.

चौथी सिरॅमिक स्प्रेची, आणि सगळा गोंधळ इथेच आहे. ‘सिरॅमिक कोटिंग’ म्हणून गाडीच्या दुकानात हजारो रुपयांना जे करून देतात ते वेगळं. तिथे आधी गाडी पॉलिश करतात, तेलाचा अंशही राहू नये म्हणून अल्कोहोलनं पुसतात आणि मग छोट्या कुपीतलं द्रव्य थोडं थोडं लावतात. ते रंगावर कडक होऊन वर्षानुवर्षं बसतं. फवाऱ्याच्या बाटलीत सिलिकाच्या जातीचीच द्रव्यं असतात पण थोडी, पाण्यात किंवा द्रावकात विरलेली. त्यातल्या काही बाटल्या धुतलेल्या ओल्या गाडीवरच मारायच्या आणि पाण्यानं धुऊन टाकायच्या असतात. मग्वायर्सचं हायब्रिड सिरॅमिक वॅक्स त्या पद्धतीचं आहे. म्हणजे नाव एक, कूळ एक, पण कुपीतल्या थोरल्या भावाची ताकद या धाकट्यात नाही. बाटलीवर वाफ, वीज, ढाल असली चित्रं असली तरी नाही.

‘९एच’ हा मंत्रही तुम्ही ऐकला असेल. कोटिंग विकणारा सांगतो, ‘नाइन-एच’ कडकपणा, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. लिहिणाऱ्या माणसाला हे ‘एच’ ओळखीचं वाटायला हवं. ही शिसपेन्सिलीची मोजपट्टी आहे. एचबी, २एच असं करत सगळ्यात कडक पेन्सिल ९एच. ती ठरावीक कोनात धरून दाबून ओढली आणि ओरखडा उमटला नाही, इतकाच त्याचा अर्थ. मोस यांच्या मोजपट्टीवर हिरा १० आहे म्हणून पेन्सिलीचा ९ त्याच्या शेजारी बसत नाही. रस्त्यावरची वाळू पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण. तिचे ओरखडे कोटिंगवरही उठतात.

आता प्रत्यक्ष तुलनेकडे येतो. अपघातातल्या गाडीचं एक गडद निळं बॉनेट शेडमध्ये पडून होतं. कोपरा चेपलेला, पण लॅकर शाबूत. २०२४च्या मेमध्ये भाच्यानं ते मशीननं पॉलिश केलं, अल्कोहोलनं पुसलं आणि कागदी टेपनं त्याचे सहा पट्टे पाडले. एकाला काहीच नाही. चारांना वरच्या चार बाटल्या. सहाव्याला रॉकेलचा बोळा, कारण आमच्याकडच्या जुन्या टॅक्सीवाल्यांचा त्यावर अजून विश्वास आहे. आठ वर्षांपूर्वी चौदा गाड्या पुसणारा तो पोरगा आता भाच्याकडे पॉलिशिंगचं मशीन चालवतो. पट्टे मारायचं काम त्यानं केलं, आणि कुठल्या पट्ट्यावर काय आहे हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. बाटल्यांची नावं मी इथे देत नाही. कंपन्या आतलं मिश्रण बदलत असतात, आणि एका बॉनेटवरून कुणाची जाहिरात किंवा बदनामी करणं बरं नाही.

पहिल्या दिवशी शेडमधल्या चार पेंटरांना विचारलं, सगळ्यात चांगला पट्टा कुठला? दोघांनी रॉकेलचा दाखवला! संध्याकाळपर्यंत त्या पट्ट्यावर रस्त्याची धूळ अशी बसली, की बोटानं बाराखडी गिरवता आली असती. तेलकट थर वाळत नाही, धूळ धरून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच धूळ आपण फडक्यानं घासतो. बाकीच्या चार पट्ट्यांत डोळ्यांना फरक सांगता येईना. फरक पावसानं सांगितला. जूनच्या पहिल्या दोन-तीन दमदार सरींनंतर डिटेलरच्या पट्ट्यावर पाणी आणि कोऱ्या पट्ट्यावर पाणी सारखंच पसरू लागलं. मेणाचा पट्टा महिनाभर तग धरून होता, मग थेंब चपटे झाले. सीलंट ऑगस्टपर्यंत पोचलं. गणपती आले तेव्हा सिरॅमिकच्या पट्ट्यावर पाणी थांबेनासं झालं होतं आणि आम्ही म्हटलं, हेही संपलं. पण शाम्पूच्या पाण्यानं बॉनेट धुतलं तर थेंब पुन्हा गोल. थर संपला नव्हता, वर मळ साचून झाकला गेला होता. म्हणून टिकाऊ बाटली घेणाऱ्यानंही धुणं सोडून चालत नाही.

हे बॉनेट मात्र आधी नीट पॉलिश केलेलं होतं. तुमची गाडी तशी नसेल तर महाग बाटली रंगाला न चिकटता मळाला चिकटते, आणि मळाबरोबर निघून जाते. लॅकरवरून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बोटं फिरवा. खरखर लागली तर लोखंडाचे कण, डांबर, झाडांचा चीक बसलेला आहे. तो आधी क्लेनं, म्हणजे त्यासाठीच मिळणाऱ्या मातीसारख्या वडीनं, भरपूर फवारा मारून काढावा लागतो. हे करायचं नसेल तर दीड हजारांची बाटली घेऊ नका, तीनशेची पुरे.

आणि थेंबांच्या नादी फार लागू नका. बॉनेटवर मोत्यासारखे थेंब उभे राहिले की मालकाचं मन भरून येतं. माझंही येतं. अळूच्या पानावर वाढलेली जात आपली. पण गोल थेंब म्हणजे संरक्षण, हे समीकरण कच्चं आहे. आमच्याकडच्या बोअरचं पाणी क्षारांचं. गोल थेंब उन्हात जागेवरच आटला की कॅल्शियम, मॅग्नेशियमचं पांढरं कडं सोडून जातो. तेच पाणी पसरून वाहून गेलं असतं तर डाग कमी पडले असते. बोअरनं गाडी धुतली तर ती उन्हात वाळू देऊ नये, पुसून काढावी. ताजं कडं पाणी घातलेल्या व्हिनेगरनं जातं. लॅकरमध्ये उतरलेलं कुठल्याही फवाऱ्यानं जात नाही.

आता पाण्याचाच विषय निघाला आहे तर बोलून टाकतो. आमच्या नळीखाली पंधरा लिटरची बादली मिनिटभरात भरते. दहा मिनिटं नळी चालली की दीडशे लिटर. बंगळुरूत मार्च २०२४मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी आली आणि दंड ठेवला ५,००० रुपये. त्याच वर्षी मेअखेर दिल्लीत नळी लावून गाडी धुणाऱ्याला २,००० रुपयांचा दंड जाहीर झाला. अशी बंदी आली की लोक ‘वॉटरलेस वॉश’च्या बाटलीकडे वळतात. ती म्हणजे जास्त निसरडा, जास्त दाट डिटेलर. हलक्या धुळीला चालते. पण धुळीत बोटानं नाव लिहिता येत असेल, किंवा दारांच्या खालच्या बाजूला चिखल वाळलेला असेल, तर कुठल्याही बाटलीवर भिस्त ठेवून फडकं चालवू नका. पोरं मागच्या काचेवर ‘मला धुवा’ लिहून जातात, तो सल्ला ऐकावा.

अशा गाडीसाठी मला जास्त पटलेली वस्तू म्हणजे ‘रिन्सलेस वॉश’. बादलीतल्या पाण्यात झाकणभर द्रव्य टाकायचं, त्यात बुडवलेल्या मऊ कापडानं गाडी पुसायची, दुसऱ्यानं कोरडी करायची. वरून पाणी ओतायचं नाही. ऑप्टिमम कंपनीच्या ‘नो रिन्स’चं प्रमाण एका भागाला २५६ भाग पाणी असं आहे, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीला साठ मिलिलिटरही नाही. पॉलिमर धुळीला धरून ठेवतात. तेच द्रव्य जरा दाट करून फवाऱ्याच्या बाटलीत भरलं की डिटेलर तयार. बाटली महाग वाटते, पण गाडीमागे हिशेब केला तर स्वस्त पडते. कॉलनीनं चौदा गाड्यांसाठी मिळून एक घेतली आणि पोराच्या हातात दोन डझन कापडं दिली, तर कुणाचे पैसे कापायची वेळ येणार नाही.

फवारा मारायचा तो सावलीत, पत्रा गार असताना. तापल्या पत्र्यावर तो पसरायच्या आत वाळतो आणि ओघळ उमटतात. धूळ उचलायची असेल तर पत्र्यावर सढळ मारा, क्षणभर भिजू द्या. धुतलेल्या गाडीला नुसती तकाकी द्यायची असेल तर फडक्यावर मारा. एका वेळी अर्धं दार, जास्त नाही. दाबू नका, फडक्याच्या वजनानंच पुसा. ब्रेकच्या डिस्कवर, मोटारसायकलच्या सीटवर, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर याचा थेंबही जाता कामा नये. निसरडेपणा हाच याचा धर्म आहे. समोरच्या काचेवर गेला तर पहिल्या पावसात वायपर धुरकट पट्टे ओढतो. चकचकीत नसलेल्या मॅट रंगाला हे फवारे लावायचे नाहीत, त्यासाठी वेगळे मिळतात. नवा रंग मारून आणला असेल तर मेण किंवा सीलंट लगेच नको. आतलं द्रावक उडून जायला पेंटर जितके दिवस सांगेल तितके थांबा.

भाचा मात्र या बाटल्या रंग मारायच्या खोलीच्या दाराबाहेरच ठेवतो. हवेत उडालेला सिलिकॉनचा तुषार पत्र्यावर बसला की त्यावर मारलेला रंग फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे बारीक खळगे पडतात. मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकानं गाडी रंगवायला देण्याच्या आदल्या दिवशी प्रेमानं पॉलिश करून आणली, की शेडमध्ये कपाळाला हात लावतात.

राहिलं फडकं. पिवळं फडकं खिडकीच्या गजांना ठीक. गाडीला मायक्रोफायबर हवं, पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडचे चिरलेले धागे असलेलं. त्यात कण आत शिरून बसतो, वर राहत नाही. चौघडी केली की आठ बाजू मिळतात. एक मळली की पालटा, आठ संपल्या की दुसरं घ्या. धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका, त्यानं धागे बुजतात. घरातल्या टॉवेलांबरोबरही नको, सुती तुसं चिकटतात. दारांच्या खालच्या बाजूचं आणि चाकांचं कापड वेगळ्या रंगाचं ठेवा, वरच्या कापडांत मिसळू देऊ नका. आणि हातातून जमिनीवर पडलेलं कापड, ते कितीही स्वच्छ दिसत असलं तरी, धुतल्याशिवाय गाडीला लावायचं नाही. ते चाकांकडे जातं.